हात थांबला तर

तार आली तेव्हा मी ओटीवर वाती वळत होते. शेजारच्या काकांनी ती वाचली आणि मला काही न सांगता आधी काकूंना हाक मारली... तेव्हाच मला कळलं. हे कादंबरी छापखान्यात द्यायला आगबोटीनं मुंबईस गेले होते. तिथं धाकट्या भावाकडे तापानं पडले, ते उठलेच नाहीत.

दिवसभर कचेरीत लोकांच्या कागदांच्या नकला करायच्या आणि घरी येऊन स्वतःचं लिहायचं, असा ह्यांचा क्रम. लिहिणं थोडं, खोडणं फार. गोष्ट होती एका तांडेलाच्या बायकोची. तिचा नवरा गलबतावर गेला, तो परतलाच नाही. मी पालीची, चार बुकं शिकलेली. पहिलं प्रकरण मला वाचून दाखवून ह्यांनी विचारलं, "कसं वाटलं?" मी म्हटलं, "बरं आहे." दुसरं वाचलं, तेव्हाही तेच. मला कधी धड बोलताच आलं नाही. मग ह्यांनी विचारणं सोडलं आणि माझ्या हातांकडे बघू लागले. रविवारी दुपारी हे वाचत, मी वाती वळी. माझा हात थांबला की तिथं समासात बारीक फुली. हात चालू राहिला की तो मजकूर गेला. खाडीवरच्या चांदण्याचं लांबलचक वर्णन होतं. वाचता वाचता हे मधेच थांबले. "अगो, वाती भराभर व्हायला लागल्या. मावळलं वाटतं आमचं चांदणं!" आणि सगळं खोडून टाकलं. मला वाईट वाटलं, हसूही आलं. ती बाई जेवायच्या वेळी चुकून दोन पानं मांडते, तिथं मात्र माझा हात थांबला होता. तेवढ्याशा ओळीवर हे संध्याकाळपर्यंत खूश होते...

अशी वर्षं गेली. एकदा शेवटपर्यंत वाचून झालं, तेव्हा मी कापूस खाली ठेवून नुसतीच बसले होते. "झाली तर मग," हे म्हणाले. पण पाठवली नाही. पुन्हा पहिल्या पानापासून खोडायला लागले. मी धीर करून विचारलं, तर मान वर न करता म्हणाले, "पाठवली की रविवारी तुला काय वाचून दाखवू?" इतक्या वर्षांत ह्यांनी मायेचं म्हणून उघड बोललेलं ते एकच वाक्य.

अखेर स्नेह्यांच्या आग्रहानं मुंबईस गेले. छापखानेवाल्यांना शेवट पसंत पडला नाही, म्हणून भावाच्या खोलीवर बसून नवा लिहिला. अंगात ताप होता म्हणे.

दिवस झाल्यावर भाऊजी बाड घेऊन आले. "वहिनी, दादानं बजावलंय. नवा शेवट आधी तुम्हांला वाचून दाखवायचा. तुमचा हात थांबला तरच छापायचा, नाहीतर जुनाच ठेवायचा."

मी वातींचं तबक पुढ्यात ओढलं. भाऊजी खाकरले. अगदी ह्यांच्यासारखे... वात अर्धी वळली होती, आणि बोटं हलेनात. अजून पहिली ओळही वाचली नव्हती. पुढं ते वाचत राहिले. ती बाई शेवटी काय करते, त्यातला एक शब्द माझ्यापर्यंत पोचला नाही.

"थांबला!" भाऊजींचे डोळे भरून आले. "दादाला जमलं हो, वहिनी!"

सांगायचं होतं. अगदी ओठांवर आलं होतं... आणि "बरं आहे" एवढंच बाहेर पडलं.

भाऊजी बाड घेऊन गेले. नवा शेवट चांगला आहे की नाही, मला ठाऊक नाही. रविवारी दुपारी मी अजून तबक घेऊन बसते. ती अर्धी वात तशीच कडेला ठेवली आहे. बाकीच्या भराभर होतात.