सीताफळावरचे पिठ्या ढेकूण

पिपरी मेघेतल्या आमच्या अंगणात एकच सीताफळ होतं आणि माझा सगळा प्रबंध त्याच्यावर बसलेला होता. सत्तरचं दशक संपत आलेलं. फळांच्या खाचांत पांढरे पिठ्या ढेकूण चिकटलेले असत. त्यांची नेमकी जात ठरली की माझा विषय मंजूर होणार होता. दिवाळीपर्यंत नमुने द्या, नाहीतर विषय सोडा, असं नागपूरच्या माझ्या मार्गदर्शक सरांनी बजावलं होतं. मला आठवा महिना होता. आता सुटलं ते कायमचं सुटलं, हे मला पक्कं कळत होतं.

नुसत्या डोळ्यांनी ही जात ओळखू येत नाही. मादीला पोटॅशच्या पाण्यात गरम करून आतलं सगळं काढायचं, उरलेली कातडी रंगवून काचपट्टीवर बसवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली अंगाच्या कडेच्या काट्यांच्या जोड्या मोजायच्या. मी मोठी शहाणी, सगळ्यांत गुबगुबीत माद्या निवडल्या. सरांनी पट्ट्या परत पाठवल्या. सोबत पत्र होतं: आत नुसता काळोख आहे, काही मोजता येत नाही, नव्या पाठवा.

सासूबाईंना माझं हे काम बघवत नसे. "पोटुशी बाई अन् जीव मारून राह्यली," असं त्या चुलीला सांगत, मला कधीच नाही. सरांचं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात शिकवून घरी आले, तर झाड लख्ख. सासूबाईंनी साबणाच्या पाण्यानं पान न् पान, फळ न् फळ धुऊन काढलं होतं.

"तुले सीताफळ आवडते न, म्हणून धुतलं," त्या म्हणाल्या.

मी काय काय बोलले ते लिहायची आजही लाज वाटते. "तुम्ही माझं शिक्षण धुतलं," एवढं लिहिते. मग खोलीचं दार लावून घेतलं.

दिवेलागणीला त्यांनी दार वाजवलं. हातात पितळी डबा होता. "तुमच्या घरी किडलेलं सीताफळ हाय काय?" असं विचारत त्या घरोघर फिरल्या होत्या. दोन-तीन घरची माणसं चांगलीच रागावली म्हणे. डब्यात पानांवर वीसेक माद्या होत्या, सगळ्या रोडक्या. माझं डोकं पुन्हा तापायला लागलं.

"मोठ्या नव्हत्या काय, आई?"

"होत्या न. पण त्यायच्या पोटात अंडे होते. तू बी पोटुशी. तशा तुह्या हातानं नाई मारू देत मी."

मी त्या रोडक्या पट्टीवर बसवल्या. अंग आरपार स्वच्छ दिसलं, कडेच्या अठराच्या अठरा जोड्या मोजता आल्या. आधीच्या पट्ट्यांतला काळोख अंड्यांचा होता, हे कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या मला तेव्हा कळलं.

मला आई नाही, म्हणून बाळंतपण सासरीच झालं. सरांचं उत्तर आलं तेव्हा मुलगी बारा दिवसांची होती. जात ठरली होती. नवी वगैरे काही नाही, नेहमीचीच, पण विषय मंजूर, लगेच कामाला लागा. मी ते सासूबाईंना वाचून दाखवलं आणि घडी घालून उशीखाली सारलं. "आता कुठलं होते माझ्याच्यानं," मी म्हणाले, आणि मला रडूच आलं.

त्यांनी पोरीला माझ्याजवळून उचललं, खांद्यावर घेतलं आणि तिची पाठ थोपटत म्हणाल्या, "दुपारची पोरगी माह्यापाशी राहीन. तू जाय, तुह्ये किडे मार."