मोरिवली ते चिखलोली, सरांच्या बरोबरीने

माझं आयुष्य बदललं ते मोरिवलीच्या नाक्यावर. खोत सर लगबगीने माझ्यामागे आले आणि ‘थांब’ न म्हणता बरोबर चालू लागले, त्या क्षणी.

पंच्याहत्तरीनिमित्त आपण सगळे ज्या शास्त्रज्ञांचा, म्हणजे खोत सरांचा, गौरव करतो आहोत, त्यांच्या वर्कशॉपमध्ये मी तांब्याची तार गुंडाळून चुंबकांच्या कॉइल बनवतो. कॉलेज अर्धवट टाकून आलो होतो. निवृत्तीनंतरही सरांचं काम तेच आहे: पुढच्या काळातल्या कोलायडरमध्ये, म्हणजे कणांचे झोत समोरासमोर धडकवणाऱ्या यंत्रात, इलेक्ट्रॉनांनी झोत गार करायचा.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला समजावलं होतं. “झोतातले प्रोटॉन धुसफुसत फाकत जातात, मग टक्कर नीट होत नाही. म्हणून थोडं अंतर त्यांच्यासोबत शांत इलेक्ट्रॉन सोडायचे, अगदी त्यांच्याच वेगाने. ती धुसफूस स्वतःकडे घेऊन ते बाजूला होतात.”

“त्यापेक्षा प्रोटॉनच थांबवायचे ना, सर!”

“थांबवले तर टक्कर कशाची करणार, गाढवा?”

एकदा रागाच्या भरात माझ्या कॉइलचे वेढे एकमेकांवर चढले. सरांनी आरसा लावलेली चुंबकसूची आत सरकवली, तर भिंतीवरचा उजेडाचा ठिपका जागचा हलला, म्हणजे आतलं चुंबकक्षेत्र वाकडं झालं होतं. तार घेऊन आलेले उल्हासनगरचे लछूशेठ म्हणाले, “क्या हीरो, कॉलेज छोडा, अब कॉइल भी छोडेगा?” सर हसले. स्टूल ओढून बसले आणि माझ्याबरोबर एकेक वेढा उलगडत राहिले. मला एका शब्दाने बोलले नाहीत.

मग तो दिवस आला. मयूरीचं लग्न ठरतंय, असं कळलं. दोन वर्षं माझा तिच्यावर जीव होता. “तिच्या वडिलांना बघतोच,” म्हणत मी चिखलोलीला तिच्या घरी निघालो आणि नाक्यावर सर मागून आले. मी भराभर चाललो, सरही भराभर. त्यांना धाप लागली, तेव्हा मीच पाय आवरले.

“सर, तुम्ही परत जा ना.”

“तू चाल रे. तिला विचारलंयस कधी?”

“...नाही.”

“मग वडिलांशी भांडण कसलं?”

चिखलोली येईपर्यंत मी वडिलांऐवजी तिलाच विचारायचं ठरवलं.

सरांचे गुडघे आणि श्वास त्यांना खूप वर्षं साथ देवोत. त्यांच्या गणिताने गार झालेला झोत त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला मिळो. आणि आमच्यासारख्या तापट पोरांसाठी त्यांना इतकं धावावं न लागो, हे मनापासून मागणं.

त्या दिवशी सर जिन्याखाली थांबले. वर जाऊन मी मयूरीला घरच्यांसमोरच विचारलं.

“नाही रे संदेश,” ती म्हणाली. “मुलगा मीच पसंत केलाय.”

“येतो, काका,” एवढंच तिच्या वडिलांना म्हणालो. बाहेर आलो आणि आपटू नये म्हणून दार दोन्ही हातांनी लावलं.