लाल गाडी आणि दोन कौल

गेल्या रविवारी व्हिडिओवर बोलताना मागे खर्रर असा आवाज झाला आणि तुम्ही दोघांनी एकदम विचारलंत, आजी, हे काय? मी म्हटलं, मामीची गाडी पाणंदीतल्या मोरीवर घासली. त्यावर धाकट्याने विचारलं की घासते तर अशी बुटकी गाडी घेतलीत कशाला, आणि तीही लाल, शर्यतीतल्यासारखी. फोनवर नीट सांगता आलं नाही. म्हणून लिहून ठेवते.

तुमची मामी ओरोसला रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते हे तुम्हाला माहीत आहे. मामा वर्षातले आठ महिने बोटीवर असतो, त्यामुळे घरात आम्ही तिघंच: आजोबा, मी आणि ती. ती रोज सकाळी कट्टा गावावरून कसालला जाते आणि तिथून हायवेने ओरोसला. मामी मूळची आंबोलीची. लग्नाआधीच ती वडिलांची जीप चालवत असे, तीही घाटात, धुक्यात, समोरचं वळण दिसत नसताना. गाडी चालवणं हा तिच्या दृष्टीने धाडसाचा विषय कधी नव्हता. आमची जुनी पांढरी गाडी ती पाच वर्षं विनातक्रार चालवत होती.

मग गेल्या वर्षी पावसाळा संपल्यावर ती एकाएकी एसटीने जाऊ लागली. पेट्रोल परवडत नाही, असं तिने सांगितलं. आजोबांना हे कारण फार आवडलं. शेजाऱ्यांना ते कौतुकाने सांगत, आमच्या सुनेक पैशाची किंमत कळता. खरं कारण मला माहीत होतं. एसटीने जाऊ लागली त्याच्या आदल्या संध्याकाळी ती माझ्याबरोबर बांगडे साफ करत होती आणि एकच बांगडा तिने तीनदा धुतला. मी विचारलं, तेव्हा सांगितलं. हायवेवर एका ट्रकला मागे टाकायला ती बाहेर निघाली, पाय दाबला आणि गाडी उठलीच नाही. समोरून टँकर आला. ट्रकवाल्याने ब्रेक मारला म्हणून ती आत शिरू शकली. गाडीला ओरखडाही नव्हता, पण त्यानंतर तिचे हात स्टेअरिंगवर थरथरायला लागले. बाबांना सांगू नका, एवढंच तिने मागितलं. कारण उघड होतं. आजोबांना कळलं असतं तर त्यांनी दुसऱ्या दिवशी नोकरी सोडायला सांगितलं असतं, आणि तेही मायेनेच.

एसटीने तिचं जमेना. संध्याकाळची गाडी चुकली की कट्ट्यापर्यंत कुणाच्या तरी मागे बसून यायचं आणि पुढे रिक्षा शोधायची. प्रयोगशाळेत वेळेचं बंधन असतं. एक दिवस ती मला म्हणाली की आंब्याचा हंगाम संपला की राजीनामा देते. तिला ते काम किती आवडतं हे मला ठाऊक होतं. मी आजोबांना एवढंच म्हटलं की जुनी गाडी पेट्रोल फार खाते, ती आता काढू या आणि हिच्यासाठी बरी नवी घेऊ या. ते लगेच तयार झाले. मामाला बोटीवर फोन लावला तर तो म्हणाला की तुम्ही ठरवाल ती घ्या, आणि आवाज तुटला.

कुडाळला दोन गाड्या पाहिल्या. दोन्ही लहान, दोन्ही दिसायला ऐटबाज, आणि दोन्ही विकणाऱ्या मुलांनी आपापल्या गाडीला स्पोर्टी हा एकच शब्द वापरला. राखाडी होती ती थोडी उंच, ऑटोमॅटिक, वर काचेचं छप्पर. लाल होती ती जमिनीला चिकटलेली, हाताच्या गिअरची, इंजिन टर्बो. आजोबांनी घरून आंब्याची रिकामी पेटी नेली होती. शोरूमच्या चकचकीत फरशीवर ती ठेवून ते डिकी उघडायला सांगत. राखाडीत तीन पेट्या बसल्या असत्या. लाल गाडीत दोन, त्याही आडव्या करून. मी माझ्या पद्धतीने मागच्या सीटवर बसून गुडघे कुठे येतात ते पाहिलं. लाल गाडीत ते हनुवटीच्या फार दूर नव्हते, आणि मागची खिडकी एवढीशी की लोणच्याच्या बरणीत बसल्यासारखं वाटलं.

आजोबा वाकून लाल गाडीत डोकावले आणि म्हणाले, "ही गाडी माणसां बसाक केली हा, काय बंदुकेत भरूक?"

"बाबा, तुमच्या गाडयेत आंबे आरामात बसतले," मामी म्हणाली. "माणसां टेम्पोन येतली."

ते हसले, पण पेटी त्यांनी राखाडीतून काढली नाही.

दोन्ही गाड्या मामीने हायवेपर्यंत चालवून पाहिल्या. आजोबा पुढे, मी मागे. राखाडी गाडीत आम्ही एका डंपरमागे आलो. रस्ता बराच मोकळा होता. तिने एकदा पाय दाबला, गाडी क्षणभर थांबल्यासारखी झाली आणि मग निघाली. तिने लगेच पाय काढला. परत वळेपर्यंत आम्ही डंपरच्या मागेच होतो. आजोबा म्हणाले, बघ, या गाडीत ती किती शांत चालवते. मी मागून तिचे खांदे पाहत होते. ते कानांपर्यंत आले होते. लाल गाडीत तसाच एक ट्रक पुढे आला. तिने गिअर खाली घेतला, गाडी गुरगुरली आणि ट्रक मागे राहिला. माझी पाठ सीटवर आपटली. पण पुढचे दोन्ही खांदे खाली आले होते, आणि कित्येक महिन्यांत मी ते तसे पाहिले नव्हते.

घरी येऊन आजोबांनी आपली बाजू मांडली, आणि ती चुकीची नव्हती हे मला सांगायला हवं. आपल्या पाणंदीच्या तोंडाशी मोरी आहे, तिचा उंचवटा तुम्हाला आठवत असेल. त्यावरून सायकल उडवायला तुम्हाला मजा यायची. लाल गाडी तिथे घासणार. शिवाय आंबे, शिवाय माझे गुडघे. मामी म्हणाली की तिला लाल बरी वाटते. का, ते ती सांगू शकत नव्हती. तिच्याकडे तेवढंच वाक्य उरलं होतं, आणि तीन कारणांपुढे ते फारच लहान होतं.

त्या सोमवारी आजोबा देवळात गेले. विहीर खणायची, सोयरीक जुळवायची, पाया घालायचा, तर आपल्याकडे ग्रामदेवाला कौल लावतात. पाषाणाच्या उजव्या आणि डाव्या अंगाला गुरव ओल्या कळ्या चिकटवतो, प्रश्न विचारतो आणि सगळे बघत उभे राहतात. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. तुमच्या आईने मला एकदा विचारलं होतं की तू इंग्रजी घेऊन बीए झालीस, तुझा यावर विश्वास आहे का. मी तिला सांगितलं की लग्न होऊन या गावात आल्यापासून तो विचार करायला मला वेळच मिळालेला नाही.

आजोबा खुशीत परत आले. देवाने राखाडी गाडीला उजवा कौल दिला होता. गावातले चारजण तिथे हजर होते, म्हणजे आता ते सगळ्यांना ठाऊक होतं. संध्याकाळी मामी आली तेव्हा त्यांनी तिला सांगितलं. ती "बरां" म्हणाली आणि हातपाय धुवायला गेली. जेवताना तिने कुणालाही उद्देशून न बोलता म्हटलं की महिन्याचा पास काढलेला बरा, स्वस्त पडतो. आजोबांनी मान डोलावली. नवी गाडी दारात येणार असताना पास कशाला, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

मी रात्रभर वाट पाहिली नाही. पानं उचलल्यावर ओट्यावर आजोबांना गाठून विचारलं की देवाला नेमकं विचारलंत काय.

"इचारलंय, राखाडी गाडी घराक बरी काय?"

मी म्हटलं, चालवणारीचं काय विचारलंत?

"चलवणारी घरातलीच मा?"

मी म्हटलं की तुम्ही घराचं विचारलंत, देवाने घराचं उत्तर दिलं, ते खरंच आहे. गाडी रोज चालवायची तिला. तिचं ते विचारायचं राहिलं. तोच प्रश्न देवाला पुन्हा विचारत नाहीत, पण हा दुसरा प्रश्न आहे. आजोबा बराच वेळ सुपारी कातरत बसले. वाद घालण्यात ते पटाईत आहेत, पण खोटं धरून बसत नाहीत. शेवटी म्हणाले की प्रश्न दुसरा आहे खरा. मी म्हटलं, मग तो तिनेच विचारायचा.

मामीला मी हे सांगितलं. तिलाही माहीत होतं की देवापुढे गाऱ्हाणं घालायचं तर अर्धं घालून चालत नाही. काय झालं, कशासाठी आलो, सगळं मोठ्याने सांगायचं, आणि प्रत्येक वाक्याला बरोबरच्या माणसांनी होकार भरायचा. आणि बरोबरचा माणूस म्हणजे आजोबा. मी तिला म्हटलं की दिलेला शब्द मी पाळलाय, आणि पुढेही पाळीन. हे देवापुढे न्यायचं की नाही ते तू ठरव. दोन दिवस ती एसटीने गेली आणि आली. सुट्टीच्या दिवशी सकाळी न्हाऊन, साडी नेसून माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, चला.

देवळात गुरव, आजोबा, ती आणि मी एवढीच माणसं होतो. गुरवाने कळ्या लावल्या. नेहमी गाऱ्हाणं तोच घालतो. आजोबा म्हणाले की आज सून सांगेल. गुरवाला त्यात काही वाटलं नाही.

"सांग गो बाय," तो म्हणाला. "काय आसा ता सगळा सांग."

ती आधी इतकी हळू बोलली की गुरवाने तिला आवाज वाढवायला सांगितलं.

"बा देवा म्हाराजा, मी तुझ्या गावची सून. रोज गाडी घेवन हायवेन जातंय."

"होय म्हाराजा," आजोबा म्हणाले. हे ते नेहमी ठणठणीत म्हणतात.

"पावसाळो सरल्यार एक दिवस ट्रक फुडे काढूक गेलंय. पाय दाबलंय, गाडी उठाक नाय. समोरसून टँकर इलो."

होकार आला नाही. गुरवाने एकट्याने म्हटलं, होय म्हाराजा. मग मागाहून आजोबांचा आवाज आला.

"त्या दिसापासून माका भय वाटता. म्हणान एसटीन जातंय. घरात सांगूक नाय, सांगितलंय तर नोकरी सोड म्हणतले."

"होय म्हाराजा."

"माका नोकरी सोडूची नाय. माका पाय दाबल्यार उठणारी गाडी व्हयी. चलवतली मी. ती मी निवडूची, ह्या तुका मान्य आसा काय, ता सांग."

"होय म्हाराजा," आजोबा म्हणाले, आणि या वेळी गुरव मागे राहिला.

मग आम्ही बघत उभे राहिलो. समईची वात गुरवाने दोनदा सारली. उजवी कळी खाली आली तेव्हा मामी पदराने तोंड पुसत होती. तिला मी कोपराने खुणावलं.

बाहेर चपला घालताना आजोबांनी तिला पहिला प्रश्न विचारला तो असा, "टँकर भरलेलो होतो, काय रिकामो?"

"भरलेलो."

ते पायऱ्या उतरले. जुन्या गाडीपाशी येऊन थांबले आणि म्हणाले, "माका सांगूक नाय तू."

"तुमी नोकरी सोडूक सांगितलां असतात."

त्यांनी जरा विचार केला. "हां. सांगितलं असतंय," ते म्हणाले. मग त्यांनी चावी काढून तिच्या हातात दिली. घरापर्यंत तिने चालवली, सावकाश. त्यांनी एकदाही गिअर सांगितला नाही, जो एके काळी मी चालवत असे तेव्हा ते मलाही सांगायचे.

गावात विचारणाऱ्यांना त्यांनी सांगितलं की देवाने घराचं वेगळं सांगितलं आणि चालवणारीचं वेगळं. हे सगळ्यांना पटलं. लाल गाडी आली. पेट्या आता कट्ट्यावरून टेम्पोने जातात, मामीने चेष्टेत म्हटलं होतं तशा. फक्त टेम्पोत आंबे असतात आणि माणसं गाडीत. मागे बसायचं मी कमी केलंय.

पहिल्या दिवशी ती कामावर निघाली तेव्हा आजोबा तिच्याबरोबर कसालपर्यंत गेले. बाजारात काम आहे म्हणाले. काम काहीच नव्हतं. तिने मला नंतर सांगितलं की कट्ट्याच्या पुढे चढावर गाडी एका डंपरमागे आली. तिने आरसा पाहिला, दिवा दिला, गिअर खाली घेतला आणि पाय दाबला. हात थरथरतात का हे बघायचं तिच्या लक्षातच राहिलं नाही. कारण त्याच वेळी डावीकडच्या सीटवरून बारीक आवाज आला होता, होय म्हाराजा.

राजीनाम्याची गोष्ट तिने पुन्हा काढली नाही. मोरीचा उंचवटा आजोबांनी चिरेवाल्याला बोलावून तासून घेतला, पण डाव्या अंगाचा एक कोपरा तसाच राहिला आहे. तो काढला तर पाणी पाणंदीत येईल. म्हणून मामी निघते त्या वेळी आजोबा मोरीवर उभे राहून हाताने खुणा करतात, उजवीकडे घे, आणखी घे. रविवारी तुमचा फोन आला तेव्हा ती बाजाराला निघाली होती आणि ते तुमच्याशी बोलायला आत आले होते. म्हणून गाडी घासली.