कुणाला न लागणारा अहवाल

"कुणाला लागेल असं लिहायचं नसतं, सिस्टर," असं म्हणत आमचे डॉक्टर पेनाला टोपण लावायचे.

मानवत गावाच्या अलीकडे एका खेड्यात आमचा सरकारी दवाखाना होता. मी तिथली नर्स. माझी जात कळल्यावर गावात खोली कुणी दिली नाही, म्हणून दलित वस्तीत गयाबाईच्या शेजारी राहायचे. डॉक्टर पुण्याकडचे, ते सरपंचाच्या माडीवर. आता बघा, गावातल्या रोगाचं मूळ शोधायला निघालेला माणूस मुक्कामाला कुठं!

शोधायची मात्र भारी हौस. काविळीचा रोगी आला की नकाशावर लाल ठिपका.

गयाबाईनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "डाक्टर, गावाची नाली आमच्या हिरीत मुरायलीय."

"बाई, पुरावा लागतो."

"माझी पोरगी हळदीवानी पिवळी झाली, ह्यो पुरावा न्हाई का?"

डॉक्टरांनी पोरीचा ठिपका काढला आणि पाणी उकळून प्यायला सांगितलं. "जळण तुमी देता का?" असं गयाबाईनं विचारलं, तेव्हा त्यांना चष्मा पुसायचं आठवलं.

चार महिन्यांनी सगळे ठिपके आमच्याच वस्तीत निघाले. मी म्हटलं, "साहेब, सरळ लिहा, नाली वळवा." ते म्हणाले, "सरपंच दुखावतील." आणि लिहिलं काय, तर 'नाली व विहीर लगत असणे आरोग्यास अपायकारक. दोहोंपैकी एक हटविणे इष्ट.' वा रे विद्वान!

पंचायतीनं अहवाल फारच मनावर घेतला. आठवड्यात ट्रॅक्टरनं मुरूम आला आणि आमची विहीर बुजवली. नाली जागच्या जागी. वर सरपंच हार घेऊन दवाखान्यात हजर, "तुमच्याच शिफारशीनं केलं, साहेब!" डॉक्टरांचं तोंड बघून मला हसू फुटलं आणि लगेच रडूही आलं. डॉक्टरांचा इतका राग मला कधीच आला नव्हता.

आता पाण्याला गावच्या विहिरीवर जायचं आणि कुणी वरून वाढेपर्यंत लांब उभं राहायचं. विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस, गाव आधीच बिथरलेलं. वाढायला कुणी येईना. डॉक्टर बघायला आले तेव्हा गयाबाईनं रिकामी कळशी त्यांच्यापुढं ठेवली.

"आता कुठं काढता ठिपका?"

ते काठावर गेले आणि पोहरा सोडला. दोर धरायची सवय नाही. अर्धं पाणी स्वतःच्या पँटवर. तरी वस्तीच्या सगळ्या कळशा त्यांनी भरल्या, आणि पहिलं पाणी गयाबाईच्या हातून घेऊन प्याले. तीन सकाळी हेच चाललं. तळहात सोलले, मीच पट्टी बांधली. तेव्हा मला त्यांची माया आली, खोटं कशाला बोलू?

चौथ्या दिवशी बदलीचा हुकूम आला आणि दुपारच्या एस्टीनं ते गेले.

दुसऱ्या सकाळी आम्ही बायका विहिरीपासून लांब उभ्या होतो. पारावर माणसं बसलेली. गयाबाई थोडा वेळ थांबली. "किती येळ वाट बघावी बाई?" म्हणाली, आणि सरळ काठावर जाऊन तिनं स्वतःच पोहरा विहिरीत सोडला. पारावरची माणसं उठून उभी राहिली. मी पुढं होऊन तिच्यामागं दोर धरला.