पऱ्हाटीत वाकलेल्या बाया

पुण्यातल्या ज्या कंपनीत मी नोकरीला होते, ती फवारणीचे ड्रोन बनवायची. खाली माणूस दिसला की ड्रोननं आपणहून फवारा बंद करायचा, हे त्याला शिकवणं माझं काम. उभा माणूस त्याला लगेच ओळखू यायचा. पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, बसून खुरपणाऱ्या बाया मात्र त्याला झुडपं वाटायच्या. म्हणून मी ड्रोन घेऊन परभणी जिल्ह्यातल्या वालूरजवळच्या आमच्या शेतात आले.

माय आणि तिच्यासोबत खुरपणाऱ्या बाया आधी लाजल्या. शेजारच्या मावशीनं विचारलं, "आमचे फोटू कामून पाहिजेत गं?"

"तुमी दिसलात की हे औषध टाकायचं थांबतंय, मावशी."

"मंग काढ की!"

बसलेल्या, ओणव्या, बांधाआड भाकर खाणाऱ्या बायांचे मी ढीगभर फोटो काढले आणि त्यांवरून ड्रोनला शिकवलं. पुढच्या चाचणीत ड्रोन मायच्या डोक्यावर आला आणि फवारा बंद झाला. माय वर बघून हसली. इतका अभिमान मला डिग्री मिळाली तेव्हाही वाटला नव्हता.

पुढं कंपनीला लष्करी ड्रोनचं काम मिळालं. पिकात दडलेला माणूस हुडकायचा आणि त्याला मारायचं की नाही हे ड्रोननंच ठरवायचं; मागं बटण दाबणारं कुणी नाही. साहेब मला म्हणाले, "तुझा प्रोग्राम तयारच आहे. फक्त शेवटची आज्ञा बदलायची."

"दडलेला माणूस आणि खुरपणारी बाई, यातला फरक त्याला कसा कळणार?"

"सुधारेल हळूहळू."

"तोवर?"

ते म्हणाले, "तू नाही केलंस तर दुसरं कुणीतरी करेल."

"करू द्या. मी करणार नाही. आणि आमच्या बायांचे फोटो त्यातून काढा."

फोटो कंपनीच्या मालकीचे आहेत, असं उत्तर आलं. मी राजीनामा दिला आणि गावी आले.

घरी जास्त अवघड गेलं. धाकटा भाऊ फौजेत. तेव्हा सुटीवर आलेला. जेवता जेवता म्हणाला, "ताई, म्होरं मशीन गेलं तर मागं आमी वाचतोत. मी वाचायला नको का?"

मी हातातला घास ताटात ठेवला. "तू वाचावास म्हणून सुरुंग हुडकणारं बनवीन, जखमींना उचलून आणणारं बनवीन. पण कुणाला मारायचं हे मशीननं ठरवायचं, ते न्हाई."

"समोरच्यानं तसलंच आणलं तर?"

"तर मला भ्या वाटंल. आताबी वाटायलंय. पण भ्या वाटतं म्हणून आपणच ते बनवायचं?"

बाबा ताटावरून उठले. "देशाच्या कामात आडवी येऊ नको," म्हणाले आणि हात धुवायला बाहेर गेले.

मी शेतात जाऊन बायांना सगळं सांगितलं. मावशीनं खुरपं खाली ठेवलं. "म्हंजी माझ्याकडं बघून शिकलेलं मशीन दुसऱ्या कुठल्या बाईला मारील?"

"मारू शकतं."

"मला इचारलं का कुणी? काढ तुझा मोबाईल!"

त्या सगळ्या पऱ्हाटीत उभ्या राहिल्या आणि व्हिडिओत ठणकावून म्हणाल्या, "आमी ह्याच्यासाठी फोटू दिले न्हाईत. परत द्या!" तो व्हिडिओ मी कंपनीला पाठवला. गावानंही तो फिरवला, कुणी हसायला, कुणी शाबासकी द्यायला. शेवटी फोटो काढून टाकल्याचं कंपनीनं कळवलं. खरंच काढून टाकले का, हे मला तपासता येत नाही. त्यांचं काम काही थांबलं नाही.

आता मी परभणीत कॉलेजात शिकवते. मुलं विचारतात, असली मशीन येणारच असतील तर नकार देऊन काय झालं? मी सांगते, येणार असतील तर येऊ द्या, पण माझ्या हातून नाही. आणि मग तासभर आमचं भांडण चालतं.

त्या सुटीच्या शेवटी भावाला सोडायला मी एसटी स्टँडवर गेले होते. बॅग वर टाकून तो म्हणाला, "तुझं मला अजून पटलं न्हाई, ताई."

"न्हाई पटलं तर राहू दे. नीट जा."

तो पाया पडला. बस वळून दिसेनाशी होईपर्यंत मी बघत राहिले, पण राजीनामा मागं घ्यावा असं मात्र मनातही आलं नाही.