नमस्कारासाठी सुटलेले हात

मोटार चालवावी असे मला आयुष्यात कधी वाटले नव्हते. माझे शिक्षण पाठशाळेतले. गोव्यातल्या फोंडे महालातून मी चिंचवडला आलो तो गणपतीच्या देवळापाशी राहून व्याकरण शिकण्यासाठी. आणि अध्ययन संपल्यावर तिथल्याच एका वृद्ध वैद्यबुवांकडे त्यांच्या पोथ्या वाचून दाखवण्यासाठी राहिलो. त्यांची दृष्टी मंदावत चालली होती. पोथ्यांना माझे डोळे पुरत. रस्त्याला मात्र ते स्वतःचेच वापरीत. एका सकाळी मोशीच्या अलीकडे त्यांची जुनी मोटार उसाच्या गाडीला इतकी घसटून गेली की बैल जूसकट रस्त्याखाली उतरले. कोणाला इजा झाली नाही. वैद्यबुवांनी घरी येऊन मोटारीची किल्ली देवघरात ठेवली आणि ते एवढेच म्हणाले, "आता पुरे."

त्या दिवसापासून त्यांची गुरुवारची फेरी थांबली. दर गुरुवारी ते इंद्रायणीपलीकडे निघोजे आणि आसपासच्या वाड्यांवर जात, मारुतीच्या पारावर बसून नाडी पाहत, औषधे देत. महिनाभराने निघोज्याचा एक म्हातारा शेतकरी पायी चालत चिंचवडला आला आणि ओट्याच्या पायरीवर बसला.

"बुवा, तुमी येनार न्हाई व्हय आता?"

"दिसत नाही रे मला."

"मंडळीला हिकडं आनावं म्हनलं, तर बैलगाडीच्या हिसक्यानं तिचा दमा उसळतुया. मागल्या खेपंला वाटंतनंच माघारी नेली. तिला वाटतंय, बुवा रागावल्यात."

 पोथी वाचताना माझा आवाज जिथून येई त्या दिशेला तोंड करून वैद्यबुवा म्हणाले, "हा शिकेल."

मला शिकवले पिंपरीच्या एका मुसलमान मिस्त्रींनी. वैद्यबुवांची मोटार वर्षानुवर्षे तेच दुरुस्त करीत. माणूस दिलदार, पण जिभेला लगाम नव्हता. "पंडितजी, तो क्लच आहे, देवाची पादुका नाही. जरा जोरात दाबा की!" असे ते भर रस्त्यात ओरडत. औषधांच्या नव्या कारखान्याकडे जाणारे कामगार सायकली थांबवून आमची मौज बघत. दोन महिन्यांत मोटार माझे ऐकू लागली. आता पुण्याच्या मोटार कचेरीतून परवाना तेवढा आणायचा, असे आम्हांला वाटले.

कचेरीतल्या कारकुनांनी माझा अर्ज वाचला आणि चष्मा कपाळावर चढवला.

"जन्म कुठला?"

"फोंडे महाल."

"म्हणजे गोवा. म्हणजे पोर्तुगीज हद्द. म्हणजे तुम्ही परकीय झालात."

"मी चिंचवडला राहतो. पंधरा-सोळा वर्षे झाली."

"राहा हो. पण परकीय म्हणून राहा." मग त्यांना माझी शेंडी दिसली, आणि त्यांचा स्वर थोडा मऊ झाला. "परदेशी लोक येतात आमच्याकडे, पण गोरे, हॅटवाले. संध्येचं गंध लावून आलेला पहिलाच बघतोय. मराठी कुठं शिकलात इतकं?"

"आईजवळ," मी म्हणालो.

ते हसले, पण अर्ज त्यांनी परतच केला. परकीयाची नोंद पोलिसांत झालेली हवी. तो दाखला आणा, मग पुढचे पाहू.

बाहेर मिस्त्री बिडी विझवीत म्हणाले, "एवढंच ना? सावंतवाडी लिहून टाका. कोण बघायला जातंय?"

त्यांचे म्हणणे व्यवहाराला धरून होते. पण ज्या कुलदेवतेचे नाव मी रोज संकल्पानंतर घेई, तिचे देऊळ त्याच हद्दीत होते. सरहद्द बंद झाल्यापासून मला तिथे जाता येत नव्हते, घरचे पत्रही येत नव्हते. आईचे गाव जवळ उरले होते ते उच्चारापुरते. तेवढेही खोडायला माझा हात धजला नाही.

मग पोलिसांच्या कचेरीत गेलो. तिथले अधिकारी म्हणाले, "गोव्याची माणसं आपलीच. परकीय म्हणून आम्ही तुमची नोंद करणार नाही."

"तर मग तसे लिहून द्यावे."

"जे करत नाही ते लिहून कसं देणार?"

मी पुन्हा कारकुनांकडे आलो, पुन्हा पोलिसांकडे गेलो. एका मेजावर मी परका होतो, दुसऱ्या मेजावर घरचा. पण दोन्हींपैकी कोणीच ते कागदावर उतरवायला तयार नव्हते. पहाटे स्नानसंध्या आटोपून चिंचवडहून आगगाडी धरायची, दुपारपर्यंत लाकडी बाकावर बसायचे आणि ऊन उतरता परतायचे, असे किती दिवस गेले ते मी मोजले नाही. बाकावर मी जप करीत असे. जपही थकतो, हे मला तिथे कळले. घरी आल्यावर वैद्यबुवा काही विचारत नसत. माझ्या पावलांवरूनच त्यांना कळे. आणि मधूनमधून निघोज्याहून कोणीतरी आलेले असे.

शेवटी चिंचवडच्या चौकीतल्या वृद्ध हवालदारांनी, वैद्यबुवांच्या काढ्याला स्मरून, एका ओळीचा कागद दिला: सदर इसम येथे राहतो व चालचलणूक चांगली आहे. मी परका की घरचा, याविषयी त्यात अक्षर नव्हते. कारकुनांनी तो उलटसुलट पाहिला. तेही बहुधा थकले असावेत. "जा, चाचणी द्या," ते म्हणाले.

चाचणी घेणारे इन्स्पेक्टर शेजारी बसले, मिस्त्री मागे. मी गाडी सुरेख काढली. वळण घेतले, हात दाखवला, चढावर थांबून पुन्हा निघालो. इन्स्पेक्टर मान डोलावीत होते. मग पिंपळाखाली एक मारुतीचे देऊळ आले. बाहेरूनही शेंदूर दिसत होता. आणि जन्मभराच्या सवयीने माझे दोन्ही हात स्टेअरिंगवरून उठले आणि छातीशी जुळले.

गाडी डावीकडे गेली. इन्स्पेक्टरांनी चाक ओढले, ब्रेक लागला, आणि आम्ही पिंपळाच्या पारापासून हातभर अंतरावर उभे राहिलो. मागून मिस्त्रींचा आवाज आला, "या अल्ला!"

इन्स्पेक्टरांनी घाम पुसला. "अहो शास्त्रीबुवा, मारुतीला नमस्कार करत होतात की त्याच्या भेटीलाच चालला होतात?"

मी जुळलेले हात सोडवून पुन्हा स्टेअरिंगवर ठेवले.

"पंधरा दिवसांनी या. नमस्कार घरून करून या."

परतीच्या वाटेवर मिस्त्री हसले नाहीत, यावरून त्यांनाही किती वाईट वाटले ते समजले. पुढचे पंधरा दिवस ते मला मुद्दाम देवळांवरूनच नेत. चिंचवडच्या आसपास देवळांना तोटा नाही. प्रत्येक ठिकाणी ते शेजारून बजावत, "हात!" आणि मी बोटे आवळून धरी. हात जागी राहत, पण आत काहीतरी अपुरे राहून जाई. कुणा वडीलधाऱ्यासमोरून मान वर ठेवून गेल्यासारखे वाटे. एका संध्याकाळी हे मी वैद्यबुवांना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि पोथी पुढे वाचायला सांगितली.

दुसऱ्या चाचणीत तोच रस्ता, तोच पिंपळ. मी समोर बघत राहिलो. देऊळ मागे गेल्यावर इन्स्पेक्टर म्हणाले, "आज नमस्कार नाही?"

"मनात केला."

"तसाच करत जा." त्यांनी कागदावर सही केली.

परवाना हातात पडला तेव्हा आनंदापेक्षा झोपच अधिक आली.

त्या गुरुवारी वैद्यबुवांनी देवघरातली किल्ली काढून माझ्या ओंजळीत ठेवली. मागच्या आसनावर औषधांच्या बाटल्यांची पेटी मांडीवर घेऊन ते बसले. मोशी गेली, इंद्रायणी ओलांडली. निघोज्याच्या शिवेवर मारुतीचे देऊळ दिसू लागताच माझी बोटे स्टेअरिंगवर आवळली. मागून वैद्यबुवांनी विचारले, "देऊळ आलं का?"

"आलं."

"तुझे हात तिथंच असू देत. तुझाही नमस्कार मी करतो."

मागे हात जुळल्याचा हलका आवाज आला. समोर पारावर माणसे उठून उभी राहिली होती. म्हातारा शेतकरी पुढे होता, आणि त्याच्या शेजारी घोंगडी पांघरून बसलेली त्याची बायको श्वास घेत घेत उठण्याचा प्रयत्न करीत होती. मी गाडी अगदी तिच्याजवळ नेऊन थांबवली, आणि मगच हात सोडले.