रिकाम्या मागाची वर्षं

शहापुरात आमच्यासारख्या विणकरांच्या घरी साल कुणी सांगत नाही. मागावर काय होतं ते सांगतात. मी जन्मलो तेव्हा मागावर मोरपंखी साडी होती, आक्काचं लग्न लाल काठांच्या वेळचं. त्यात मी निघालो इतिहासाचा मास्तर. वडिलांच्या, म्हणजे आप्पांच्या पंच्याहत्तरीला घराण्याचा इतिहास सांगायचं काम मी अंगावर घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं, हे आक्का अजून ऐकवते.

कालखंड झटक्यात पाडले. हातमाग पर्व, यंत्रमाग पर्व, नोकरी पर्व. पहिल्या दोहोंच्या मध्ये दोन-तीन वर्षं उरली. हातमाग बंद पडलेला, यंत्रमाग यायचा होता. तिथं मी ऐटीत लिहिलं, 'अंधारयुग'.

आदल्या दिवशी पोळ्या लाटणाऱ्या आक्काला वाचून दाखवलं. तिचं लाटणं थांबलं.

"पाव्हण्यांच्या देखत असं म्हणणार व्हय रं? आप्पांस्नी काय वाटंल?"

"मग काय म्हणू? मागावर काहीच नव्हतं."

"मास्तर तू हाईस, मी न्हाय."

आप्पा त्या वर्षांबद्दल कधी बोलले नव्हते. भरल्या घरात त्यांची मान खाली जायला नको, म्हणून शेवटी धीर करून त्यांनाच गाठलं. ते कट्ट्यावर ऊन खात बसले होते.

"आप्पा, माग रिकामा होता, त्या वर्षांना काय म्हणायचं?"

आप्पांनी चष्मा पुसला. "लोंढा."

"आँ?"

"इसरलास व्हय? दर ऐतवारी तुम्हा दोघांस्नी पॅसेंजरनं लोंढ्याच्या जंक्शनला न्यायचो, इंजिनं बघायला. हाताला काम न्हाय, घरात बसून काय करू? तू भजी खायचास. तुझी संपली की माझी. माग चालू असता तर तुमची तोंडं बघायला कुठला येळ गावला असता रं? लई ब्येस दिवस."

आतून आक्का ओरडली, "आन् माझी बी खायचा!"

दुसऱ्या दिवशी मी खणखणीत आवाजात 'लोंढा पर्व' जाहीर केलं. पाव्हणे एकमेकांकडे बघू लागले. पुढच्या खुर्चीत आप्पा मात्र मान डोलावत होते, शेजारच्याला काहीतरी हातवारे करून सांगत होते. बहुतेक इंजिनच.

जेवणात भजी होती. आक्का वाढत वाढत आली आणि माझं ताट ओलांडून पुढं गेली.

"तुझा वाटा त्या पर्वातच झालाय," म्हणाली.